हिरामणची न बिघडणारी जीप

देवळाली कॅम्पात लॅम रोडला सावळीराम पगारेचं गॅरेज आहे. आहे म्हणायचं ते शटर रोज सकाळी वर जातं म्हणून. हल्लीच्या गाड्या आजारी पडल्या की कंपनीच्या शोरूमला जातात, तिथे त्यांना लॅपटॉप लावून नाडी बघतात. सावळीरामच्या वाट्याला उरल्यात त्या म्हाताऱ्या जीपा आणि त्यांचे तितकेच हट्टी मालक. पण एक काळ असा होता, की पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं इंजिन बसवायचं म्हटलं की नाशिकरोडपासून घोटीपर्यंत लोक त्याच्याच शेडकडे बोट दाखवायचे.

हे काम दिसतं तेवढं सोपं नसतं. एका गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून दुसरीच्या पोटात घालायचा, तर त्या पोटात त्याला जागाच नसते. चेसिसला इंजिन टेकवायची नवी माउंटिंगं वेल्ड करावी लागतात, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट लेथवर कापून लांबी जुळवावी लागते, रेडिएटर मोठा घ्यावा लागतो, आणि गिअरचा दांडा भलतीकडेच वर येतो म्हणून पायाखालचा पत्राही कापावा लागतो. एखादं सूत इकडेतिकडे झालं तर गाडी जन्मभर थरथरत राहते. सावळीरामने बसवलेलं इंजिन थरथरत नसे. त्याला त्याचा भारी अभिमान होता, आणि पुढे जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं.

त्याच्या शेडचा एक रिवाज होता. दुरुस्त झालेली गाडी नेताना गिऱ्हाइकाने 'येतो' म्हणायचं नाही. आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणालं तर म्हातारी माणसं अंगावर धावून येतात. पण दवाखान्यातून निघताना मात्र कोणी 'येतो' म्हणत नाही. सावळीरामच्या मते गॅरेज म्हणजे दवाखानाच. पुन्हा इकडे यायची पाळी न आलेली बरी. "जातो म्हण," असं तो दटावून सांगायचा, गिऱ्हाईक हसून 'जातो' म्हणायचं आणि मगच चावी हातात पडायची. मोठमोठे लष्करी हुद्देदारही या दारातून 'जातो' म्हणूनच बाहेर पडले होते. अपवाद फक्त हिरामणचा.

हिरामण भोये पेठच्या पुढचा, डोंगरातल्या एका पाड्यावरचा. घरी भात, नागली आणि थोडी वरई. जवानीत त्याने कॅम्पातल्या लिलावात मिलिटरीने मोडीत काढलेली एक पेट्रोल जीप घेतली. पाड्यावरची माणसं पेठच्या बाजाराला आणि द्राक्षांच्या कामाला नाशकाकडे न्यायची, असा त्याचा विचार. लिलावाच्या फाटकाबाहेर जीप ढकलत आणली ती काही केल्या सुरू होईना. सावळीराम सायकलवरून चालला होता. त्याने थांबून बॉनेट उघडलं, कार्बोरेटर काढून तोंडाने फुंकला, आणि जीप खोकत खोकत जिवंत झाली. हिरामणने त्याला सायकलसकट मागे बसवून शेडपर्यंत आणून सोडलं. शेडच्या दारात जीप पुन्हा बंद पडली.

"हिला हितंच ऱ्हायाचं दिसतंय," हिरामण म्हणाला. तिथून त्या दोघांची दोस्ती.

त्यानंतर ती जीप महिन्या-दोन महिन्यांनी काही ना काही काढायचीच. कधी क्लच, कधी पेट्रोलचा पंप, कधी नुसताच रुसवा. हिरामण तिला कशीबशी कॅम्पापर्यंत आणायचा आणि ती बरी होईपर्यंत मुक्काम ठोकायचा. येताना मोकळा कधी आला नाही. खुरासणीची चटणी, नागलीचं पीठ, पावसाळा सुरू झाला की बांबूचे कोवळे कोंब. सावळीरामची बायको विमलाबाई ते कोंब बघून पहिल्यांदा म्हणाली होती, "हे खायचं का यानं घर शाकारायचं?" मग हिरामणनेच चुलीपाशी बसून ते कसे करायचे ते तिला दाखवलं. पुढे जीप यायला उशीर झाला की तीच विचारायची, हिरामणभाऊंची गाडी यंदा बिघडली नाही वाटतं.

सावळीराम गाडीखाली उताणा आणि हिरामण बाजूला ऑइलच्या डब्यावर, अशा अवस्थेत दोघांच्या आयुष्यातल्या यच्चयावत गोष्टी बोलून झाल्या होत्या. सावळीरामच्या मुलाला, अश्विनला, कुठे शिकायला घालायचं ते तसंच ठरलं. हिरामणच्या मुलीचं, आशाचं, स्थळ नाकारायचं तेही तसंच. सावळीरामचा बाप गेला तेव्हा जीपचं मागचं चाक खोलून पडलं होतं. जलदान विधी होईपर्यंत हिरामणने त्या चाकाचं नाव काढलं नाही. सगळा कॅम्प सावळीरामला मिस्त्री म्हणायचा. 'सावळ्या' म्हणणारी दोनच माणसं होती, एक त्याची आई आणि दुसरा हा. आई गेल्यावर एकच उरला. आणि हा एकटा माणूस गाडी घेऊन निघताना बिनदिक्कत म्हणायचा, "येतो रे सावळ्या." सावळीराम त्याच्यावर पाना उगारायचा. पण जीप हिरामणचा शब्द पाळायची.

मग एका उन्हाळ्यात हिरामण येऊन डब्यावर बसला आणि हसत हसत सांगू लागला. पेठच्या वाटेवरच्या सावळघाटात जीप उकळली, माणसं उतरून पायी निघाली, आणि गाडी थंड होऊन वर पोहोचली तोवर माणसं तिच्या आधी चहा पिऊन बसली होती. त्यावर पेठच्या स्टँडवर कोणीतरी म्हणालं, त्या पगारे मिस्त्रीला येत असतं तर त्यानं एकदाच नीट केली नसती का? हिरामणला यात मौज वाटली होती. सावळीराम गाडीखालून बाहेर आला तो तोंड पाडूनच.

"हिऱ्या, हिचं इंजिनच बदलून टाकू. डिझेलचं घालू, गिअरबॉक्ससकट."

"कशाला? चालती तशी चालू दे की. बंद पडती, पर तुझ्यापत्तोर पोचून पडती."

"लोक मला नावं ठेवतात."

"लोकांचं काय धरून बसतो सावळ्या. माझं काय म्हननं हाय का?"

त्याची काही तक्रार नव्हती यातच सगळं आलं होतं, पण ते सावळीरामच्या डोक्यात शिरायला अजून फार वेळ होता. त्याने हिरामणचं एक ऐकलं नाही. ओझरकडे उलटलेल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससह, त्याने भंगारवाल्याकडे हेरून ठेवलं होतं. आरटीओचे कागद करायला माणूस लावला. भाताची लावणी उरकून हिरामण जीप घेऊन आला, आणि ती जीप सावळीरामने पार उघडी करून ठेवली.

ते पावसाळ्याचे दिवस सावळीरामला आजही एकेक आठवतात. बाहेर लॅम रोडच्या झाडांतून पाणी गळतंय, शेडमध्ये साखळीच्या कप्पीला इंजिन टांगलेलं, एका बाजूला हिरामण साखळी धरून उभा. "सोड... सोड... बस. जरा मागं." असं करत करत ते धूड खाली उतरलं आणि हातोड्याचा एक ठोका न घालता माउंटिंगवर जाऊन बसलं. बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले. सावळीरामने आयुष्यात पुष्कळ इंजिनं बसवली, पण इतकं सुरेख दुसरं कुठलंच बसलं नाही. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा त्याने बॉनेटवर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवला आणि हिरामणला म्हणाला, बघ. पाणी हलत होतं, सांडत नव्हतं. हिरामण ते बघून हसला, पण नेहमीसारखा नाही. तो म्हणाला, "आवाज लय बदलला रं हिचा."

न्यायच्या दिवशी हिरामणने नारळ आणला होता. सावळीराम अशा वेळी बाजूला उभा राहायचा. त्याचा त्यावर विश्वास नव्हता, खोबऱ्यावर होता. नारळ फुटला, खोबरं वाटून झालं, हिरामण गाडीत बसला. त्याचा हात सवयीने गिअरच्या जुन्या जागी गेला, तिथे काही नव्हतं, आणि तो ओशाळला. मग त्याने चावीसाठी हात पुढे केला.

"जातो म्हण," सावळीराम म्हणाला.

"येतो."

"नाही. आजवर ऐकून घेतलं. आज जातो म्हणायचं. ही गाडी पुन्हा या दारात दिसली तर माझं काम फुकट गेलं असं समजेन मी. कॅम्पातल्या लोकांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला."

विमलाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "असू द्या की हो, भाऊंना कशाला?" सावळीरामने चावी मुठीत धरून ठेवली. त्याला त्या दिवशी आपल्या कामाची नशा चढली होती, दुसरं काही नाही. हिरामण म्हणाला, "बरं. जातो."

जीप गेली. आणि सावळीरामचं काम खरोखरच फुकट गेलं नाही.

पहिले काही महिने तो खुशीत होता. जो येईल त्याला सांगायचा, पेठची जीप बघितली असती तुम्ही, सावळघाट तिसऱ्या गिअरला चढते. दिवाळी झाली, आंबे येऊन गेले, बांबूच्या कोंबांचे दिवस आले. विमलाबाई म्हणाली, "भाऊ आले नाहीत." "का येईल? गाडी बिघडेल तर येईल," असं तो ऐटीत म्हणाला, आणि म्हणता म्हणता आत कुठेतरी त्याला खटकलं.

मग त्याने फोन लावायला सुरुवात केली. फोनवर त्याला एकच गोष्ट विचारता यायची.

"गाडी काय म्हणते?"

"एक नंबर."

"ऑइल बदललंस?"

"बदललं."

"बरं."

"बरं."

बोलणं तिथेच खुंटायचं. आयुष्यभर ज्या माणसाशी तो गाडीखालून बोलला, त्याच्याशी गाडीवाचून काय बोलायचं हे त्याला सुचत नसे. हळूहळू फोनही विरळ झाले. अश्विनच्या लग्नाला हिरामण आणि त्याची बायको कमळाबाई एसटीने आली, नवे कपडे घालून, पाहुण्यांच्या रांगेत बसून जेवली. सावळीरामने घाईघाईत विचारलं, "गाडी कुठंय?" हिरामण म्हणाला, "घरी ठिवली." नवरदेवाच्या बापाला कुठे थांबायला वेळ असतो; तो पुढे गेला. परत आला तोवर दोघं निघून गेली होती.

त्यानंतर कोणीतरी सांगितलं, तुमची ती पेठची जीप गंगापूर रोडला दिसली, द्राक्षाचे मजूर घेऊन आली होती. म्हणजे हा माणूस शहरात येतो, जातो आणि कॅम्पाकडे वाट वाकडी करत नाही. हे सावळीरामच्या फार जिव्हारी लागलं. आपण होऊन पेठला जावं असं त्याला वाटायचं, पण गिऱ्हाइकाने बोलावल्याशिवाय मिस्त्रीने त्याच्या दारी जाणं म्हणजे काम मागायला जाणं, असा त्याचा दुसरा एक रिवाज होता. रिवाजांची त्याच्याकडे काही कमी नव्हती. वर्षं गेली. शेडमधलं काम कमी झालं तसा तो स्वतःच त्या ऑइलच्या डब्यावर बसू लागला.

गेल्या हिवाळ्यात विमलाबाईने विषय संपवला. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाकडं जाऊ नका तुम्ही. हिरामणभाऊंकडं जा." आणि डब्यात तिळाची चटणी भरून दिली. सावळीरामने तरीही पिशवीत एक फॅनबेल्ट टाकून घेतला. नुसतं भेटायला आलो हे सांगायची त्याला लाज वाटत होती.

एसटीतून उतरून तो पेठच्या स्टँडबाहेर आला आणि पाड्याकडे जाणारी गाडी शोधू लागला, तोच जीप दिसली. रंग उडालेला, पण ठेवण नीट. रस्त्याकडेला एका पंक्चरच्या टपरीपुढे ती जॅकवर उभी होती. आणि टपरीतून हिरामणचं हसणं ऐकू आलं. ते हसणं सावळीरामने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

"अरं झुंबऱ्या, तुला सांगतो, ती म्हस नव्हतीच, ती माझी सासू व्हती," हिरामण सांगत होता. तो एका रिकाम्या खोक्यावर पाय पसरून बसला होता. समोर त्याच्याच वयाचा झुंबर नावाचा पंक्चरवाला टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता आणि हसून हसून त्याला बुडबुडे दिसत नव्हते. खोक्याशेजारी उघडा डबा पडला होता, त्यात खुरासणीची चटणी होती.

सावळीराम तिथेच थबकला. उलट्या पावली स्टँडवर जाऊन परतीची एसटी धरावी असं त्याला वाटलं. पण हिरामणने मान वळवली होती.

तो ताडकन उठला. धोतराला हात पुसले. टपरीतली एकुलती एक खुर्ची ओढून, तीही पुसून, पुढे ठेवली.

"या मिस्त्री. बसा. कधी आलात?"

सावळीराम बसला. 'मिस्त्री' आणि 'बसा' हे दोन शब्द त्याला कानफटात बसल्यासारखे लागले. चहा सांगितला गेला, त्याच्यासाठी बिस्किटंही. झुंबरला सांगण्यात आलं, हेच ते पगारे मिस्त्री, ज्यांनी डिझेल इंजिन बसवलं. झुंबरने हात जोडले. हिरामणने बॉनेट उघडून दाखवलं. सावळीरामने ऑइलची कांडी ओढून पाहिली, बेल्ट दाबून पाहिला, इंजिन सुरू करायला लावून कान देऊन ऐकलं. कुठे काही नव्हतं. इंजिन होतं तसं, तसूभर न हलता बसलेलं. आपल्या हातून एखादा बोल्ट तरी ढिला राहायला हवा होता, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं, आणि फार मनापासून वाटलं.

दोघं समोरासमोर बसले. चहा पिऊन झाला. मग सावळीरामने कसंबसं विचारलं, "आला नाहीस कधी."

"कसा येनार?" हिरामण सरळपणे म्हणाला. "तुमीच म्हनले व्हते, गाडी दारात दिसली तर तोंड दाखवाया जागा ऱ्हानार नाय. गाडी तिकडं उभी केली आस्ती, लोक म्हनले आस्ते, मिस्त्रीचं काम बिघडलं. येवढं चांगलं काम. त्याला बट्टा कसा लावू? कॅम्पाच्या फाट्यावरनं कैकदा गेलो. लग्नाला पन म्हनून यष्टीनं आलो."

"मग यायचं तसंच. गाडीशिवाय."

हिरामणने चहाचा रिकामा ग्लास खाली ठेवला. "गाडीबिगर आलो आसतो, तर काय म्हनून आलो आसतो?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. दोस्त म्हणून ये, हे शब्द त्यांच्यात कधी कोणी वापरलेच नव्हते. बिघडलेली गाडीच दरवेळी ते त्यांच्या वतीने बोलायची, आणि तिचं तोंड सावळीरामने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. त्याने तिळाच्या चटणीचा डबा काढून दिला. हिरामणने तो दोन्ही हातांनी घेतला, पाहुण्याकडून घेतात तसा, आणि म्हणाला, "वहिनींना सांगा, घरचे सगळे बरे हायेत."

झुंबरने तोवर ट्यूब पाण्यातून काढून फळीवर पसरली होती. सावळीरामने पाहिलं, आणि त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. ट्यूबवर ठिगळावर ठिगळ होतं. मूळचं रबर शोधावं लागत होतं. झुंबर आणखी एक ठिगळ खरवडत होता.

"मिस्त्री, तुमीच सांगा आता," हिरामण म्हणाला. "पोरगी म्हनती नवी टाका. ट्यूबलेसचं चाक बसतंय म्हनं हिला, पंक्चर कंदी व्हतच नाय. महिन्यातनं तीनदा याच्याकडं येऊन बसावं लागतं. काय करू?"

झुंबरचा हात थांबला. त्याने वर पाहिलं नाही, पण तो ऐकत होता.

सावळीरामने ट्यूब हातात घेतली आणि बोटांनी सगळी चाचपली. हळूहळू हवा सोडणारी ट्यूब होती, फुटून घात करणारी नव्हती. तेवढं त्याने आधी नीट बघून घेतलं. बाकी ती मेलेली होती. कुठल्याही गिऱ्हाइकाने ही त्याच्यापुढे धरली असती तर त्याने ती कापून फेकून दिली असती. झिजलेल्या वस्तूला तो आजवर कधी चांगली म्हणाला नव्हता.

त्याने ट्यूब झुंबरच्या हातात परत दिली.

"चांगली आहे," तो म्हणाला. "बदलू नकोस."